फिन्सबरी सेंट्रल: दादाभाईंच्या मतदारसंघाची पार्श्वभूमी

दादाभाई नौरोजी १८९२ साली ब्रिटिश संसदेवर निवडून गेले, हे आपण शाळेत एका ओळीत वाचलेलं असतं. ते कुठून निवडून गेले, तिथे कोण राहायचं, हे मात्र सहसा कोणी सांगत नाही. माझ्या मते त्या विजयातला मोठा वाटा मतदारसंघाच्या हद्दीचा आहे.

लंडनच्या जुन्या 'सिटी'ला उत्तरेकडून लागून असलेलं फिन्सबरी १८३२ च्या सुधारणा कायद्यानं मतदारसंघ झालं. क्लार्कनवेल, होबर्न, इस्लिंग्टन असा ऐसपैस पसारा आणि खासदार दोन. कल पहिल्यापासून जहाल. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाचे संस्थापक थॉमस वेकली इथलेच खासदार, आणि १८४२ मध्ये चार्टिस्टांचा, म्हणजे कामकरी पुरुषांना मताचा हक्क मागणाऱ्या चळवळीचा, लाखो सह्यांचा अर्ज संसदेत मांडणारे थॉमस डनकोम्बही इथलेच.

१८८५ च्या मतदारसंघांच्या फेरवाटपात या पसाऱ्याचे तुकडे झाले. इस्लिंग्टन वेगळं निघालं. उरलेल्यातून होबर्न, ईस्ट फिन्सबरी आणि सेंट्रल फिन्सबरी अशा एकेका खासदाराच्या जागा झाल्या. हे तुकडे शेजारीशेजारी असले तरी स्वभावानं निराळे. होबर्नमध्ये वकिलांच्या कचेऱ्या, तर सेंट्रल फिन्सबरी म्हणजे मुख्यतः क्लार्कनवेल: घड्याळजी, जवाहिरे, छापखाने आणि भाड्याच्या खोल्यांतून राहणारे कारागीर.

दादाभाई आधी उभे राहिले ते होबर्नमध्ये, १८८६ साली. आयर्लंडच्या स्वराज्यावरून लिबरल पक्ष फुटलेला, तयारीला वेळ नाही. १,९५० विरुद्ध ३,६५१ मतांनी ते पडले. १८८८ च्या ऑगस्टमध्ये सेंट्रल फिन्सबरीच्या लिबरलांनी त्यांना उमेदवार म्हणून निवडलं. पक्षातल्या दुसऱ्या गटाला ते पटलं नाही, आणि हा घरचा वाद पुढे कित्येक महिने धुमसत राहिला.

त्याच वर्षी नोव्हेंबरात पंतप्रधान लॉर्ड सॉल्सबरी एडिंबराच्या सभेत होबर्नच्या जुन्या निकालाबद्दल बोलले. एखादा इंग्रज मतदारसंघ काळ्या माणसाला निवडून देईल इतकी आपली प्रगती झाली असेल असं वाटत नाही, असा त्यांचा सूर होता. टीकेची झोड उठली. काही वृत्तपत्रांनी तर टोला हाणला की दोघांत सावळे खुद्द सॉल्सबरीच. दादाभाईंचं नाव देशभर झालं ते या शेऱ्यामुळे. पैसे मोजूनही अशी जाहिरात मिळाली नसती.

१८९२ ला समोर होते कॅप्टन पेंटन, म्हणजे ज्यांच्या घराण्यावरून तिथल्या पेंटनव्हिल वस्तीला नाव पडलं ते जमीनदार. दोघांची मिळून मतं सहा हजारांच्या आतच. बायकांना मत नव्हतं. पुरुष भाडेकरूलाही एकाच जागी वर्षभर राहिल्याचं आणि खोलीचं वार्षिक भाडं किमान १० पौंड असल्याचं दाखवून यादीत नाव घालावं लागे. काम संपलं की खोली बदलणारा कारागीर यादीतून सहज गळायचा. अशा यादीवर दादाभाई जिंकले ते बोटांवर मोजण्याइतक्या मतांनी. हा आकडा कुठे तीन, कुठे पाच असा छापलेला सापडतो. विरोधकांनी त्यांच्या आडनावाची मोडतोड करून 'नॅरो मेजॉरिटी', म्हणजे 'निसटतं बहुमत', केलं.

१८९५ च्या कॉन्झर्व्हेटिव्ह लाटेत ही जागा गेली. गंमत म्हणजे त्याच लाटेवर बेथनल ग्रीन नॉर्थ ईस्टमधून मुंबईचेच मंचरजी भावनगरी निवडून आले, तेही कॉन्झर्व्हेटिव्ह म्हणून. भारताच्या प्रश्नांवर दोघांचं क्वचितच जमलं.

सेंट्रल फिन्सबरी १९०६ मध्ये पुन्हा लिबरलांकडे वळली, १९१० मध्ये परत फिरली आणि १९१८ च्या फेररचनेत संपलीच. तिथून एकच फिन्सबरी, १९५० पासून 'शोरडिच अँड फिन्सबरी', आणि १९७४ पासून 'इस्लिंग्टन साउथ अँड फिन्सबरी'. म्हणजे १८८५ ला तोडलेल्या इस्लिंग्टनचा दक्षिण भाग फिरून जोडला गेला. तेव्हापासून इथे बहुतेक काळ लेबर पक्षच आहे, पण घासून होणाऱ्या लढती काही सुटल्या नाहीत. १९८३ मध्ये ख्रिस स्मिथ ३६३ मतांनी आले आणि २००५ मध्ये एमिली थॉर्नबेरी ४८४ मतांनी. थॉर्नबेरींनी ही जागा त्यानंतरच्या प्रत्येक निवडणुकीत राखली.