अवस्था-आकलन फिल्टर (ग्रहपृष्ठावरील रोव्हरसाठी)

सदोष मापनांवरून रोव्हरचे (ग्रहावर फिरणाऱ्या यंत्रगाडीचे) स्थान, वेग व कल (कोणत्या बाजूला किती वळला-झुकला आहे ते), म्हणजेच त्याची ‘अवस्था’, यांचा सतत अंदाज बांधणारी गणिती रीत. मंगळावर उपग्रही स्थाननिश्चिती नाही. ग्रहव्यापी चुंबकक्षेत्र नसल्याने होकायंत्रही चालत नाही. भिस्त जायरोस्कोप (वळण्याचा वेग मोजणारा), त्वरणमापक, चाकांचे फेरे, स्टिरिओ (जोड) कॅमेरे व सूर्यवेध (सूर्याच्या स्थानावरून दिशा ठरवणे) यांवर.

उगम : मूळ फिल्टर रुडॉल्फ कालमन (1960) यांच्या नावाने ओळखला जात असला तरी श्रेयाबद्दल मतभेद आहेत. डॅनिश खगोलशास्त्रज्ञ थीले यांच्या 1880 च्या लेखात त्याचा एक विशेष प्रकार आढळतो. पीटर स्वेर्लिंग यांनी 1958–59 च्या सुमारास उपग्रहकक्षांसाठी जवळजवळ तीच सूत्रे मांडली. स्ट्रॅटोनोविच यांचा अरैखिक सिद्धांतही त्याच सुमाराचा. थीले यांना पूर्वसूरी मानून अवस्था-समीकरणांची चौकट कालमन यांच्याकडे ठेवणे अधिक ग्राह्य वाटते. अरैखिक समीकरणांसाठीचे विस्तारित रूप मात्र अपोलोच्या तयारीत नासाच्या एम्स केंद्रातील स्टॅन्ली श्मिट यांच्या कामातून आले.

तुलना : स्थान, वेग, कल आणि दोन्ही जडत्व-संवेदकांचा (जायरोस्कोप व त्वरणमापक) बायस (सततची एकाच बाजूची चूक) असे प्रत्येकी तीन धरून अवस्थेचे 15 घटक होतात. विस्तारित फिल्टर दर पायरीला समीकरणे रैखिक करतो. स्वस्त, पण तीव्र वळणावर चुकतो. अनसेंटेड फिल्टर (कालमन फिल्टरचाच दुसरा प्रकार) अवकलजांऐवजी अंदाजाभोवती निवडलेले 31 नमुनाबिंदू वापरतो. अनेक संभाव्य अवस्था ‘कण’ म्हणून सोबत नेणारा कण फिल्टर (प्रचलित रूप 1993) नकाशाशी जुळवणी करताना अनेक शक्यता जिवंत ठेवतो, पण 15 घटकांना कणांची संख्या आवाक्याबाहेर जाते.

चाकांची घसरण या तिन्ही फिल्टरांना नडते. चाक वाळूत जागीच फिरले तरी मोजणी पुढेच सरकते. ही चूक एकाच बाजूची असते; शून्य सरासरीच्या गोंगाटाचे (चुका दोन्ही बाजूंच्या होऊन एकमेकींना खोडतात, हे) गृहीतक तिथे कोसळते. त्यातच फिल्टर फाजील आत्मविश्वासात असेल, तर कॅमेऱ्याचे खरे मापनच, अंदाजाशी फार विसंगत मापने गाळणाऱ्या काय-वर्ग चाचणीत (मर्यादा तीन घटकांना 95 टक्के पातळीवर 7.81) बाद होते. म्हणून वाळूत चाकमोजणीचे वजन आधीच उतरवावे. फिल्टर बदलून मिळणारा फायदा त्यापुढे थोडका.

गुरुत्वावरून दोन कल (पुढे-मागे व बाजूला झुकणे) कळतात, तोंड कुठल्या दिशेला आहे तो दिशाकोन कळत नाही. तरीही रैखिकीकरणाचा बिंदू सरकत गेल्याने विस्तारित फिल्टरला त्याची खोटी खात्री वाटू लागते. दिशेतली 1° चूक 100 मीटरांत सुमारे 1.75 मीटर बाजूला नेते. थांबल्यावर जायरोचा बायस मोजताना मंगळाचे ताशी सुमारे 14.6° परिवलन वजा करावे, नाहीतर ते बायसमध्ये मिसळते.

वापर : मंगळावरील नासाचे रोव्हर स्पिरिट व ऑपॉर्च्युनिटी (2004) यांच्यावर प्रतिमांवरून अंतर मोजताना एक पायरी 75 सेंमी. व 18° वळण यांच्या आत ठेवत, म्हणजे लागोपाठच्या प्रतिमा पुरेशा जुळत. 20 मेगाहर्ट्झ संगणकाला त्या एका पायरीस मिनिटे लागत. म्हणून ती सोय निवडक ठिकाणीच वापरली जाई. 2005 मध्ये ऑपॉर्च्युनिटी वाळूच्या वरंब्यात काही आठवडे रुतली. चंद्रावरील भारतीय रोव्हर प्रज्ञानचा (2023) मार्ग स्टिरिओ प्रतिमांवरून पृथ्वीवर आखला जाई.