लेगसी ऑफ केन : सोल रीव्हर

अमेरिकेतील क्रिस्टल डायनॅमिक्स या कंपनीने तयार केलेला आणि आयडॉस इंटरॅक्टिव्हने प्रकाशित केलेला साहसी व्हिडिओ गेम. तो ऑगस्ट १९९९ मध्ये सोनीच्या प्लेस्टेशन या गेमयंत्रावर आला, पाठोपाठ विंडोज संगणकांवर आणि २००० च्या सुरुवातीला सेगाच्या ड्रीमकास्ट या गेमयंत्रावर. दिग्दर्शन व लेखनाची मुख्य धुरा एमी हेनिग यांच्याकडे होती. पुढे 'अनचार्टेड' या गेममालिकेमुळे त्यांचे नाव सर्वदूर पोहोचले.

नॉसगॉथ नावाच्या काल्पनिक भूमीवर केन या रक्तपिशाचाचे राज्य आहे. त्याच्या सहा सरदारांपैकी रझिएलला धन्याच्या आधी पंख फुटतात. केन ते पंख उपटून काढतो आणि त्याला मृतांच्या सरोवरातील भोवऱ्यात फेकून देतो. या पिशाचांना पाणी आम्लासारखे जाळते. शतकांनंतर पाताळातील एक प्राचीन शक्ती रझिएलला उठवते. आता तो रक्ताऐवजी आत्मे पिऊन जगतो आणि सूड घ्यायला निघतो. मधल्या काळात त्याच्या भावांचे, म्हणजे उरलेल्या सरदारांचे, देह विकृत झालेले असतात. मेल्कायाचा मांसाचा डोंगर झालेला असतो, तर झेफॉन कॅथेड्रलच्या भिंतींना चिकटलेला कीटकासारखा प्राणी बनलेला असतो. प्रत्येक भावाचा आत्मा गिळला की त्याची शक्ती रझिएलला मिळते. झेफॉनला मारल्यावर भिंत चढता येते, राहाबला मारल्यावर पोहता येते. त्यामुळे खेळाडूची वाढती ताकद हा भ्रातृहत्येचाच हिशेब ठरतो, आणि हे शल्य रझिएलच्या संवादांतून सतत डोकावते.

या गेमचा जन्म केनच्या कथेत झाला नव्हता. १९९७ च्या सुमारास हेनिग आणि सेथ कॅरस यांनी 'शिफ्टर' या नावाने एक स्वतंत्र कल्पना मांडली होती. तिचा नायक आत्मे गोळा करणारा, स्वर्गातून पडलेला देवदूत होता. मिल्टनच्या 'पॅराडाइज लॉस्ट' या महाकाव्याची छाया तिच्यावर होती. कंपनीला मात्र केनची कथा सांगणाऱ्या १९९६ च्या 'ब्लड ओमेन' या गेमचा पुढचा भाग हवा होता, म्हणून देवदूताचा रक्तपिशाच झाला. 'ब्लड ओमेन' घडवणाऱ्या सिलिकॉन नाइट्स या कॅनेडियन कंपनीशी हक्कांवरून वाद झाला, तो न्यायालयात गेला आणि तडजोडीने मिटला.

भौतिक लोक आणि आत्मलोक अशा दोन जगांची रचना ही या गेमची खरी कमाई. रझिएल भौतिक लोकातून आत्मलोकात उतरतो तेव्हा पडदा काळा होऊन नवे दृश्य येत नाही. तीच खोली डोळ्यांदेखत पिळवटते, खांब वाकतात, कमानी लांबतात, रंग निळसर-हिरवे होतात. प्लेस्टेशनची मुख्य मेमरी होती अवघी २ मेगाबाइट, त्यामुळे दोन वेगळी जगे एकाच वेळी मांडणे परवडणारे नव्हते. म्हणून जग एकच ठेवून त्यातील आकार घडवणाऱ्या बिंदूंच्या जागा व रंग बदलले गेले. त्यावरच कोडी उभी राहिली : भौतिक लोकात हाताला न लागणारा कट्टा आत्मलोकात वाकून खाली येतो. पण तिथे काळ थांबलेला असतो, दार उघडता येत नाही, वस्तू उचलता येत नाही आणि पाणी वजनच पेलत नाही. यंत्राच्या मर्यादेतून एवढे सुसंगत तत्त्वज्ञान उभे राहिल्याचे दुसरे उदाहरण त्या काळात सापडणे कठीण आहे.

जग अखंड राहावे म्हणून पुढचा भाग सीडीवरून खेळ चालू असतानाच वाचला जाई. दोन मोठ्या दालनांमधली वळणावळणाची भुयारे त्यासाठी वेळ मिळवून देत. लढाईतही तोच विचार दिसतो. केवळ मारून पिशाच मरत नाही. त्याला भाल्याने भोसकावे, जाळावे, उन्हात वा पाण्यात ढकलावे लागते.

कर्ट हारलँड यांचे संगीत प्रसंगानुसार रूप बदलते. मायकेल बेल (रझिएल), सायमन टेम्पलमन (केन) आणि टोनी जे (पाताळातील शक्ती) यांच्या आवाजांनी जड, नाटकी भाषेलाही वजन दिले.

प्रकाशन अनेकदा लांबले, तरी काम अपुरेच राहिले. भावांपैकी ट्युरेलशी होणारा सामना वगळला गेला. मूळ शेवटात केनचा अंत ठरलेला होता. प्रत्यक्षात कथा कालयंत्राच्या दालनात अर्ध्यावर तुटते. हा शेवट तेव्हा अनेकांना खटकला आणि ती तक्रार रास्त होती. ठोकळे ढकलण्याच्या कोड्यांचा अतिरेकही कंटाळवाणा आहे. मात्र या तुटलेल्या टोकातूनच २००१ चा दुसरा भाग आणि त्यातली काळप्रवासाची गुंतागुंत निघाली. ट्युरेल अखेर याच मालिकेतील २००३ च्या 'डिफायन्स'मध्ये भेटतो. डिसेंबर २०२४ मध्ये अ‍ॅस्पायर या कंपनीने दोन्ही 'सोल रीव्हर' सुधारित रूपात आणले. वगळलेल्या काही जागा त्यात फिरून पाहता येतात.