सिकलसेलवरच्या जनुकोपचाराचा धागा नवजात बाळाच्या रक्तात

निरोगी लाल रक्तपेशी मऊ असते. स्वतःपेक्षा अरुंद केशवाहिनीतूनही ती अंग चोरून पलीकडे जाते. सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराच्या रुग्णात मात्र ऑक्सिजन उतरवला की पेशीतलं हिमोग्लोबिन एकमेकांना चिकटतं, त्याच्या ताठ काड्या होतात आणि पेशी विळ्यासारखी वाकते. अशा पेशींनी वाट अडवली की पुढे रक्तच पोहोचत नाही आणि हाडांत असह्य कळा येतात.

१९१० साली शिकागोच्या डॉ. जेम्स हेरिक यांनी अशा पेशींची नोंद प्रसिद्ध केली. १९४९ मध्ये लायनस पॉलिंग आणि सहकाऱ्यांनी दोष हिमोग्लोबिनच्या रेणूतच असल्याचं दाखवलं. पुढच्या दशकात व्हर्नन इंग्रॅम यांनी नेमकी चूक शोधली: ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलीन, एवढीच. कारण इतकं स्वच्छ कळूनही उपचार रखडले, याचं वाईट वाटतं. अमेरिकेत हे रुग्ण बहुतेक कृष्णवर्णीय होते आणि संशोधनाचा पैसा त्यांच्याकडे फार उशिरा वळला. १९८० च्या दशकात अस्थिमज्जा प्रत्यारोपणाने आजार बरा होतो हे दिसलं, पण मज्जा देऊ शकेल असं जुळणारं भावंड किती जणांना असतं?

खरा धागा १९४८ सालीच हाती आला होता. न्यूयॉर्कच्या बालरोगतज्ज्ञ जॅनेट वॉटसन यांना दिसलं की आजार जन्मजात असूनही नवजात बाळाच्या पेशी फारशा वाकत नाहीत. बाळाच्या रक्तात अजून गर्भातलं हिमोग्लोबिन असतं आणि ते काड्या होऊ देत नाही. जन्मानंतर काही महिन्यांत शरीर ते बनवणं जवळपास थांबवतं. ते थांबवणाऱ्यांत बीसीएल११ए या जनुकाचा मोठा हात असल्याचं बोस्टनमधल्या स्टुअर्ट ऑर्किन यांच्या प्रयोगशाळेत २००८ मध्ये स्पष्ट झालं.

दरम्यान दुसरी वाट पॅरिसमध्ये उघडली. तिथे २०१४ साली १३ वर्षांच्या एका मुलाच्या, रक्त तयार करणाऱ्या मूळपेशींत विषाणूच्या वाहनातून चांगलं जनुक सोडण्यात आलं. बोस्टनचा धागा क्रिस्पर या जनुक कापण्याच्या तंत्राने पुढे नेला. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या एका महिलेच्या मूळपेशी बाहेर काढून त्यांतल्या बीसीएल११ए ला कात्री लावली आणि त्या परत दिल्या. मूळ चूक तशीच राहिली, फक्त गर्भातल्या हिमोग्लोबिनचं झोपलेलं जनुक जागं झालं. मला यातली ही गोष्ट सगळ्यात सुंदर वाटते. पुढच्या चाचणीत तपासता आलेल्या ३१ पैकी २९ रुग्णांना सलग वर्षभर तीव्र वेदनेचा झटका आला नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रिटनने या कॅसजेव्ही उपचाराला परवानगी दिली. डिसेंबरमध्ये अमेरिकेने तो आणि विषाणूमार्गाचा लिफजेनिया, दोन्ही एकाच दिवशी मंजूर केले.

तिथे कॅसजेव्हीची जाहीर किंमत २२ लाख डॉलर. शिवाय सुधारलेल्या पेशींना जागा मिळावी म्हणून आधीची मज्जा केमोथेरपीने रिकामी करावी लागते. त्यात कित्येक आठवडे रुग्णालयात जातात आणि मूल होण्याची क्षमताही जाऊ शकते. म्हणून आता शरीरातच, केमोथेरपीशिवाय हे जनुक बदलता येईल का, यावर काम सुरू आहे.