टाकी इतकी घासू नका

रविवारी सकाळी मासे बादलीत काढायचे, खडे नळाखाली चोळायचे, काचा घासायच्या, फिल्टरचा स्पंज पार पांढरा होईपर्यंत पिळायचा आणि नव्या पाण्यात मासे परत सोडायचे. मुंबईत फिशटँक असलेल्या बऱ्याच घरांत हाच शिरस्ता. सोमवारी पाणी लख्ख असतं. मंगळवार-बुधवारपर्यंत त्याचं तांदळाचं धुवण होतं. मग घरातलं कोणीतरी म्हणतं, "नीट धुतलीच नसणार!" आणि टाकी पुन्हा मोरीत. खरं तर पाणी पांढरं होतं ते टाकी जास्त धुतल्यामुळे.

आधी एक खात्री करून घ्या. पाणी भरल्या भरल्याच गढूळ दिसत असेल, तर ती खड्यांची धूळ. पावसाळ्यात नळाचा गाळही असू शकतो. ग्लासभर पाणी रात्रभर स्थिर ठेवलं की ती बरीचशी तळाशी बसते. एक-दोन दिवसांनी आलेला पांढुरका ढग मात्र बसत नाही, कारण तो जिवंत असतो. जिवाणूची लांबी साधारण एक मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. प्रकाशाच्या तरंगलांबीच्या जवळपासचे कण सगळेच रंग विखुरतात, म्हणून पाणी दुधाळ दिसतं. स्पंजची छिद्रं याहून कितीतरी मोठी, त्यामुळे फिल्टर चोवीस तास चालवला तरी ढग गाळला जात नाही.

टाकीत जिवाणूंचे दोन मोठे गट असतात. पहिला गट उरलेलं खाणं, विष्ठा, कुजकी पानं यांवर जगतो. दुसरा गट अमोनियावर जगतो, आणि हा लेख खरं म्हणजे त्याच्यासाठीच लिहितो आहे. मासे अमोनिया मुख्यतः कल्ल्यांतून बाहेर टाकतात आणि तोच साचला तर त्यांचे कल्ले जाळतो. नायट्रोसोमोनास हे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात. तेही विषारीच. नायट्रोस्पायरा त्याचं बऱ्यापैकी निरुपद्रवी नायट्रेट करतात. २०१५ साली तर असे नायट्रोस्पायरा सापडले, जे ही दोन्ही कामं एकटेच उरकतात. त्यांतला एक प्रकार मत्स्यपालनाच्या फिल्टरमधूनच मिळाला. ही मंडळी पाण्यात फारशी तरंगत नाहीत. ती स्पंजला, खड्यांना, काचेला चिकट थर करून राहतात. आपण "शेवाळ, घाण" म्हणून खरवडतो, त्यात हा थरही जातो.

तो लवकर परत का येत नाही? कमाई तुटपुंजी आणि खर्च अफाट. एक मोल (म्हणजे रेणूंची एक ठरावीक संख्या) ग्लुकोज पूर्ण जाळलं तर सुमारे २८०० किलोज्यूल ऊर्जा सुटते. एक मोल अमोनियाचं नायट्राइट करून मिळतात सुमारे २७५, आणि नायट्राइटचं नायट्रेट करून जेमतेम ७५. ग्लुकोजच्या रेणूत सहा कार्बन असतात, त्यामुळे तुलना थोडी अन्यायाची आहे, हे मान्य. पण या जिवाणूंना आयता कार्बन मिळत नाही. वनस्पतींसारखा तो कार्बन डायऑक्साइडमधून घडवावा लागतो. त्यासाठी लागणारे इलेक्ट्रॉन अमोनियातून वा नायट्राइटमधून काढायचे, तर ते पुरेशा ऊर्जेचे नसतात. मग कमावलेली ऊर्जा खर्चून त्यांना चढावर ढकलावं लागतं. म्हणून वाढ मंद. १८९० च्या सुमारास सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ विनोग्राड्स्की यांना हे जिवाणू वेगळे करता आले, ते सेंद्रिय अन्न नसलेलं सिलिकाचं माध्यम वापरल्यावर; अन्न असलं की पहिला गटच पुढे पळतो.

आता हिशेब करा. पहिल्या गटातला जिवाणू तासाला एकदा दुप्पट होतो असं धरू: एकाचे चोवीस तासांत १ कोटी ६७ लाख. दुसऱ्या गटाला दुप्पट व्हायला अनुकूल परिस्थितीतही दिवसभर लागू शकतो: एकाचे दोन. घासलेल्या टाकीत जुना थर नाही, त्या थरावर चरणारे सूक्ष्मजीव नाहीत, नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनने उरलेसुरलेही मारले, आणि वर माशांना "दमले असतील" म्हणून दोन चिमट्या जास्त खाणं! पहिला गट मोकाट सुटतो. ढग म्हणतात तो हाच.

ढगापेक्षा धोका न दिसणाऱ्या अमोनियाचा. तिसऱ्या-चौथ्या दिवशी गोल्डफिश उलटा तरंगतो, आणि वास्तुवाले सांगतात, घरावरचं संकट त्याने आपल्या अंगावर घेतलं. आठ सोनेरी आणि एक काळा असा हिशेब सांगून मासे विकले जातात. मेला की नवा आणायचा. संकट स्पंज पिळणाऱ्यानेच आणलेलं असतं, एवढं कोणी बोलत नाही. पाणी झटपट स्वच्छ करणाऱ्या बाटल्यांचंही कौतुक नको. त्यातल्या अनेक औषधांनी कण एकत्र येऊन गोळे होतात. अमोनिया तसाच राहतो. तुरटी तर फिरवूच नका, तिने पाण्याची आम्लता वाढते.

करायचं ते कंटाळवाणं आहे. दोन दिवस खाणं बंद, नंतर अगदी थोडं. एअर पंप चालू ठेवा, रात्रीसुद्धा, कारण ढगातले जिवाणू प्राणवायू खातात आणि मे महिन्यातल्या कोमट पाण्यात तो मुळातच कमी विरघळतो. मासे पृष्ठभागाशी तोंड वासून येऊ लागले, तर पाव टाकी पाणी बदला. नवं पाणी अँटीक्लोरीनचे थेंब घालून, किंवा उघड्या बादलीत रात्रभर ठेवून मगच ओता. ढग बहुधा आठवड्याभरात आपोआप विरतो. अमोनियाचं गाडं रुळावर यायला मात्र कित्येक आठवडे लागू शकतात. चाचणी किट त्यासाठी घ्यावं. पुढच्या वेळी पाव-तृतीयांशच पाणी काढा, आणि स्पंज त्या काढलेल्या पाण्यातच दोनदा दाबून परत बसवा. तपकिरी राहिला तर राहू द्या.

पाणी हिरवं झालं असेल तर ते शेवाळ. टाकी खिडकीतल्या उन्हातून हलवा.