रॅम्पचा दाब आणि किमान दाब: सीपॅप मशीनमधील दोन आकड्यांची गल्लत

झोपेत श्वास अडकण्याच्या आजारासाठी ज्यांच्या उशाशी सीपॅप मशीन आले आहे, त्यांना ते मशीन काय करते हे नव्याने सांगण्याची गरज नसते. झोपेत घशाचे स्नायू सैल पडून श्वासमार्ग मिटतो आणि मशीन मास्कमधून हवेचा दाब देऊन तो उघडा ठेवते. सिडनीच्या कॉलिन सलिव्हन यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1981 साली हा उपचार प्रसिद्ध केला, तेव्हापासून त्याचे तत्त्व तेच आहे. गोंधळ होतो तो आकड्यांचा, आणि त्यातही एक गल्लत इतक्या घरांत ऐकायला मिळते की आता ती नीट उलगडून लिहिल्याशिवाय मला चैन पडणार नाही. रॅम्पचा दाब आणि किमान दाब या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिला माणूस जागा असतानाच्या सोयीसाठी असतो आणि दुसरा तो झोपल्यावरच्या उपचारासाठी.

किरकोळ बाबी आधी हातावेगळ्या करते. दाब सेंटीमीटर पाणी या एककात मोजतात. काही मशीनवर हेक्टोपास्कल असे लिहिलेले असते, पण व्यवहारात दोन्ही आकडे सारखेच समजावेत. बादलीतल्या पाण्यात नळी दहा सेंटीमीटर खोल बुडवून फुंकर मारल्यावर बुडबुडे यायला जेवढा जोर लागतो, तेवढा दहाचा दाब. साध्या सीपॅपमध्ये रात्रभर एकच दाब असतो. ऑटो सीपॅपमध्ये किमान आणि कमाल असे दोन आकडे ठरवलेले असतात आणि मशीन गरजेप्रमाणे त्यांच्यामध्ये वरखाली होते. या मशीनला ‘ऑक्सिजनचे मशीन’ म्हणणे मात्र कृपया थांबवावे. ते खोलीतलीच हवा गाळून दाबाने देते, आणि ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर हे सर्वस्वी निराळे यंत्र आहे.

आता मुख्य मुद्दा. मास्क लावून आडवे झाल्यावर माणूस अजून जागा असतो आणि त्याचा घसाही उघडा असतो. त्या वेळी नऊ-दहाचा दाब एकदम तोंडावर आला तर झोप लागणे कठीण जाते, म्हणून मशीन आधी कमी दाबाने, बहुधा चारने, सुरू होते आणि ठरलेल्या मिनिटांत हळूहळू वर चढते. या चढणीला रॅम्प म्हणतात. ती कुठून सुरू व्हायची तो रॅम्पचा दाब. ती जिथे संपते ती पातळी साध्या सीपॅपमध्ये डॉक्टरांनी लिहून दिलेल्या दाबाची असते आणि ऑटोमध्ये किमान दाबाची. रॅम्प संपल्यानंतर ऑटो मशीन किमान दाबाच्या खाली उतरत नाही. म्हणजे रॅम्पचा दाब ही जिन्याची पहिली पायरी आणि किमान दाब ही वरच्या मजल्याची जमीन, ज्या जमिनीवर रुग्णाला उरलेली सगळी रात्र काढायची असते.

गल्लतीचे एक कारण पडद्यावरच दिसते. झोपण्याच्या वेळी मशीनवर 4.0 असा आकडा दिसतो, तोच डोक्यात बसतो, आणि ‘माझं प्रेशर चार आहे’ असे रुग्ण वर्षानुवर्षे सांगत राहतात. खरा उपचाराचा दाब त्यांना झोप लागल्यावर सुरू होतो आणि तो त्यांनी कधी पाहिलेलाच नसतो.

दुसरे कारण आपल्या भाषेत आहे. मास्क लावल्यावर त्रास झाला की आपण एकच शब्द वापरतो, ‘गुदमरतं’. हवा कमी पडते तेव्हाही गुदमरते आणि हवा जोरात अंगावर येते तेव्हाही गुदमरतेच. ऐकणारा मात्र प्रत्येक वेळी दाब जास्त झाला असाच अर्थ घेतो. माझ्या वडिलांच्या बाबतीत नेमके हेच झाले. डॉक्टरांनी त्यांना किमान 8 आणि कमाल 13 असा दाब लिहून दिला होता आणि रॅम्प 4 पासून सुरू होत असे. पहिल्याच आठवड्यात बाबा ‘गुदमरतं’ म्हणू लागले. घरी आलेल्या टेक्निशियनने ‘काका, प्रेशर कमी करून देतो, आता त्रास होणार नाही’ असे सांगून किमान दाब 8 वरून 4 वर आणला. बाबांचे गुदमरणे जसेच्या तसे राहिले, कारण रॅम्प आधीही चारपासूनच सुरू होत होता आणि नंतरही चारपासूनच. जागेपणी त्यांना जाणवणाऱ्या हवेत काडीचाही फरक पडला नव्हता. फरक पडला तो झोपेत. श्वास अडकण्याचा ताशी आकडा, ज्याला एएचआय म्हणतात, मशीनच्या नोंदीत तीनच्या आसपास होता, तो अकरावर गेला. मोठ्या माणसांत पाचच्या खालचा आकडा सर्वसाधारण मानतात, म्हणजे उपचार चालू असताना आजार पुन्हा डोके वर काढू लागला होता, आणि आम्ही मात्र दाब कमी झाला म्हणून निर्धास्त होतो.

पुढच्या भेटीत डॉक्टरांनी बाबांना एकच प्रश्न विचारला: ‘श्वास आत घेताना त्रास होतो की बाहेर सोडताना?’ बाबा म्हणाले, आत घेताना, हवा पुरतच नाही. नाक आणि तोंड दोन्ही झाकणाऱ्या मास्कमध्ये चारचा दाब पुष्कळांना अपुरा वाटतो. डॉक्टरांनी किमान दाब पुन्हा 8 केला, रॅम्पची सुरुवात 4 ऐवजी 6 वर नेली, आणि गुदमरणे त्याच रात्री थांबले. हा प्रश्न प्रत्येक घराने पाठ करून ठेवावा असे मला मनापासून वाटते. आत घेताना हवा कमी पडत असेल तर रॅम्पची सुरुवात वाढवण्याचा विचार करायचा असतो. बाहेर सोडताना हवा अडवल्यासारखी वाटत असेल तर रॅम्प सौम्य करण्याचा किंवा उच्छ्वासाच्या सवलतीचा, म्हणजे श्वास सोडताना दाब थोडा उतरवण्याच्या सोयीचा. दोन्हींपैकी कशासाठीही किमान दाबाला परस्पर हात लावायचा नसतो.

किमान दाब उगाच खाली ठेवला तर काय बिघडते, असे विचारणारे म्हणतात, ‘मशीन ऑटो आहे ना, लागेल तेव्हा वाढवेलच की.’ ते वाढवते, पण कशावरून वाढवते हे पाहावे. श्वासाच्या प्रवाहाचा आलेख चपटा होऊ लागला, घोरणे सुरू झाले किंवा श्वास अडकला की मशीनला कळते, आणि मग ते काही मिनिटांत दाब चढवते. श्वास सुरळीत झाला की पुन्हा हळूहळू उतरवते. ज्याच्या घशाला नऊचा दाब लागतो त्याची जमीन चारवर असेल, तर दर वेळी पाच सेंटीमीटरची चढण चढेपर्यंत घसा मिटलेला असतो. तहान लागल्यावर विहीर खणण्याचाच हा प्रकार, आणि तो एका रात्रीत अनेकदा घडतो, विशेषतः माणूस उताणा झोपलेला असताना आणि स्वप्ने पडतात त्या झोपेत, जेव्हा स्नायू सर्वांत सैल असतात. मशीन बहुधा 4 ते 20 असा पूर्ण उघडा पट्टा घेऊनच येते. योग्य दाब शोधण्यासाठी डॉक्टर काही दिवस मुद्दाम असा पट्टा ठेवतात, ते ठीक. पण तोच पट्टा वर्षभर तसाच सोडून देणे मला मुळीच मान्य नाही. रात्रीच्या 95 टक्के वेळात दाब ज्या आकड्याच्या वर गेला नाही तो आकडा मशीनच्या नोंदीत असतो. त्यावरून पट्टा आवळून घ्यायला हवा.

याचा अर्थ किमान दाब जितका जास्त तितका चांगला असाही नाही. काही रुग्णांत घसा उघडा असूनही मेंदूकडून श्वासाचा आदेश येत नाही, आणि अशा थांबलेल्या श्वासांची संख्या जादा दाबाने वाढूही शकते. म्हणूनच हा आकडा औषधाच्या मात्रेसारखा डॉक्टरांच्या हाती राहावा. रॅम्पची मिनिटे मात्र बहुतेक मशीनमध्ये रुग्णालाच बदलता येतात.

त्या मिनिटांबाबतही एक सावधगिरी हवी. मशीन बंद करून पुन्हा सुरू केले की अनेक मशीनमध्ये रॅम्पही नव्याने सुरू होतो. वयस्कर माणूस अकराला झोपला, दोनला आणि पाचला लघवीसाठी उठला, आणि रॅम्प 45 मिनिटांचा असेल, तर एका रात्रीत तीन रॅम्प, म्हणजे सव्वादोन तास चढणीतच जातात. त्यांतला पहाटेचा रॅम्प सर्वांत महागात पडतो, कारण स्वप्नांची झोप तेव्हाच जास्त असते. नव्या मशीनमध्ये बहुधा रॅम्पचा ‘ऑटो’ पर्याय असतो. त्यात मशीन श्वासाच्या लयीवरून झोप लागल्याचे ओळखते आणि मगच दाब चढवू लागते. रात्री उठावे लागणाऱ्यांनी हाच पर्याय घ्यावा, असे माझे ठाम मत आहे.

उच्छ्वासाची सवलत ही तिसरी गोष्ट, तिला रॅम्प समजू नये. रॅम्प झोपेच्या सुरुवातीपुरता असतो. ही सवलत श्वास सोडताना दाब एक, दोन किंवा तीन सेंटीमीटरने उतरवते आणि रात्रभरही चालू ठेवता येते. दाब चारच्या खाली जात नाही, कारण मास्कमधून कार्बन डायऑक्साइड धुऊन निघायला तेवढा प्रवाह लागतोच. त्यामुळे आठच्या दाबावर तीनची सवलत म्हणजे श्वास सोडताना पाच. पण दाब चारवरच असताना तीनची सवलत म्हणजे काहीच नाही. बाबांचा किमान दाब चारवर आणला गेला, तेव्हा दाब खाली असेपर्यंत ही सवलतही निकामी झाली होती.

म्हणून मशीन घरी बसवताना, आणि नंतर कोणीही त्यात बदल करून गेल्यावर, मशीनचा प्रकार, किमान दाब, कमाल दाब, रॅम्पची सुरुवात, रॅम्पची मिनिटे आणि उच्छ्वासाची सवलत एका कागदावर तारखेसह लिहून घ्यावी आणि तो कागद मशीनच्या पिशवीतच ठेवावा. ‘प्रेशर कमी केलंय’ एवढ्या उत्तरावर टेक्निशियनला जाऊ देऊ नये. कोणते प्रेशर, आणि किती होते ते किती केले, हे त्याच वेळी विचारावे.