उशिरा काढलेलं रक्त

रात्री वर्धा रोडवर अपघात होतो. गाडी चालवणाऱ्याला आधी पोलीस ठाण्यात नेतात, मग मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात. दारू प्यायला होता का हे तपासायला रक्त काढेपर्यंत चार तास उलटलेले असू शकतात, आणि तेवढ्या वेळात त्याचं यकृत थांबलेलं नसतं.

यकृतातली विकरं दर तासाला, १०० मिलिलिटर रक्तामागे, साधारण १५ मिलिग्रॅम मद्यार्क मोडतात. माणसागणिक हा वेग कमीजास्त असतो, पण लिंबूपाणी, कॉफी किंवा गार पाण्याच्या अंघोळीने तो वाढत नाही. अपघाताच्या वेळी रक्तात ८० मिलिग्रॅम असेल तर चार तासांनी जेमतेम २० उरतात. कायद्याची मर्यादा आहे ३०. म्हणजे अहवालात गडी साफ सुटला! उलटा हिशेब मांडून अपघाताच्या वेळचा आकडा काढता येतो, पण प्यायलेली दारू रक्तात पुरती मिसळायला अर्धा ते दीड तास लागतो. शेवटचा पेला कधी घेतला, पोटात जेवण होतं का, यावर तो हिशेब हलतो आणि बचावाचा वकील नेमकं तिथेच बोट ठेवतो.

अपघात झाला की 'शिक्षा वाढवा' ही मागणी होतेच. मोटार वाहन कायद्याच्या २०१९च्या दुरुस्तीने, दारू पिऊन गाडी चालवण्याबद्दलच्या कलम १८५ खालचा पहिल्या गुन्ह्याचा दंड २,००० वरून १०,००० रुपये झाला. सहा महिन्यांपर्यंत कैदही होऊ शकते. मर्यादेतही आपण कडकच आहोत, इंग्लंडमध्ये ती ८० आहे. स्कॉटलंडने डिसेंबर २०१४मध्ये ती ८० वरून ५० वर आणली, पण पुढच्या दोन वर्षांत अपघात काही घटले नाहीत. रस्त्यावरची तपासणी पुरेशी वाढली नाही, हे कारण संशोधकांना संभवनीय वाटलं. ऑस्ट्रेलियातल्या न्यू साऊथ वेल्सने १९८२ साली कुणालाही थांबवून श्वास तपासायला सुरुवात केली, तेव्हा मृत्यू ठळकपणे कमी झाले.

माझ्या मते दुरुस्ती हवी ती वेळेच्या तरतुदीत. त्याच कायद्याचं कलम २०२ म्हणतं, अटकेपासून दोन तासांत वैद्यकीय तपासणी करा, नाहीतर सोडा. हे दोन तास अपघातापासून मोजले पाहिजेत. श्वास तपासणाऱ्या यंत्रात मद्यार्काची वाफ प्लॅटिनमच्या विद्युतअग्रावर ऑक्सिडीकृत होते आणि त्यातून निघणाऱ्या विजेवरून आकडा ठरतो. २,१०० मिलिलिटर श्वासात १ मिलिलिटर रक्ताइतका मद्यार्क असतो, असं त्यात धरलेलं असतं. हे काम काही मिनिटांचं आहे. कलम २०३ अपघातानंतर, चालक रुग्णालयात असला तरी, ही चाचणी घ्यायची मुभा देतं. त्या मुभेचं बंधन करावं, आणि घटनास्थळी पहिल्यांदा पोचणाऱ्या पोलीस गाडीत हे यंत्र असावंच.