अपहरणरोधक विमाननियंत्रण प्रणाली

विमानाचे अपहरण होत असल्याचे लक्षात येताच त्याचे नियंत्रण कॉकपिटमधील माणसांकडून काढून संगणकाकडे किंवा जमिनीवरील केंद्राकडे सोपवणारी प्रस्तावित व्यवस्था. अमेरिकेत ११ सप्टेंबर २००१ रोजी अपहरणकर्त्यांनी प्रवासी विमानांचाच अस्त्रासारखा वापर केल्यानंतर या कल्पनेला जोर आला आणि त्याच महिन्यात राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश यांनी संकटातील विमान जमिनीवरून ताब्यात घेऊन उतरवता येईल अशा तंत्रज्ञानाचा जाहीर उल्लेख केला.

यातील सर्वांत चर्चित आराखडा बोइंग कंपनीचा असून त्याचे अमेरिकन पेटंट नोव्हेंबर २००६ मध्ये मंजूर झाले. त्यानुसार वैमानिकाने कळ दाबल्यास, कॉकपिटच्या दारावर ठरावीक मर्यादेपलीकडे जोर पडल्यास किंवा जमिनीवरून संदेश आल्यास ऑटोपायलट, म्हणजे विमान आपोआप चालवणारी संगणकीय यंत्रणा, विमानाचा ताबा घेतो आणि ते सुरक्षित ठिकाणी उतरवतो. त्याचा वीजपुरवठा वैमानिकाच्या हाताला लागणाऱ्या स्विचांपासून अलग ठेवलेला असतो, त्यामुळे विमानातील कोणालाही, अगदी धमकावल्या गेलेल्या वैमानिकालासुद्धा, तो बंद करता येत नाही. आराखड्याचे बळ यातच आहे आणि त्याच्यावरील मुख्य आक्षेपही हाच आहे. संवेदकाने चुकीची सूचना दिली किंवा संदेशवहनात कोणी घुसखोरी केली, तर ज्याला चूक दिसते त्या वैमानिकाच्या हाती काहीच उरत नाही.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली शाखेतील एडवर्ड ली यांनी मांडलेली ‘सॉफ्ट वॉल्स’ ही कल्पना त्या मानाने सौम्य होती. तिच्यात निषिद्ध हवाई क्षेत्रे विमानाच्या संगणकात आधीच नोंदलेली असतात. विमान त्यांच्याजवळ जाऊ लागले की संगणक त्याला हळूहळू दुसरीकडे वळवतो, पण एरवी ताबा वैमानिकाकडेच राहतो.

प्रत्यक्षात स्वीकारला गेला तो साधा उपाय, म्हणजे कॉकपिटचा आतून बंद होणारा मजबूत दरवाजा. त्याची दुसरी बाजू २४ मार्च २०१५ रोजी दिसली. जर्मनविंग्ज या जर्मन विमानकंपनीच्या सहवैमानिकाने कॅप्टनला कॉकपिटबाहेर ठेवून विमान फ्रान्सच्या आल्प्स पर्वतात आदळवले आणि १५० जणांचा मृत्यू झाला. तेव्हा अपहरणकर्ता बाहेरचाच असेल हे गृहीतक कोसळले आणि दूरनियंत्रणाची चर्चा पुन्हा सुरू झाली.

विमान आपोआप उतरवणे हा आता तांत्रिक अडथळा राहिलेला नाही. वैमानिक बेशुद्ध झाल्यास प्रवाशाने एक बटण दाबताच लहान विमान जवळच्या योग्य धावपट्टीवर उतरवणाऱ्या गार्मिन कंपनीच्या प्रणालीला २०२० मध्ये अमेरिकेत प्रमाणपत्र मिळाले. मात्र ती वैमानिकाला केव्हाही बंद करता येते.